दूरचा गुरु

५ मार्च १७६० रोजीं इटलींतील पादुआ शहराहून एक पत्र व्हेनिसला गेलें. पत्र लिहिणारा ज्युसेप्पे तार्तीनी त्या वेळीं ६७ वर्षांचा होता, आणि व्हायोलिनचा थोर गुरु म्हणून त्याची युरोपभर ख्याति होती. पत्र जिला लिहिलें ती मादालेना लोम्बार्दीनी अवघी १४ वर्षांची. व्हेनिसच्या एका धर्मादाय आश्रमांत राहून ती संगीत शिकत होती. दोन्ही शहरांतील अंतर पुणें-लोणावळ्याहूनहि कमी. परंतु आश्रमाच्या मुलींस मनास येईल तेव्हां बाहेर पडण्याची मुभा नव्हती, आणि म्हातारबोवांचें बिऱ्हाड पादुआस. तेव्हां तार्तीनीनें धडा कागदावर उतरविला आणि धाडून दिला.

त्या पत्रांत थोरामोठ्यांचीं तत्त्वें नाहींत. अगदीं हाताखालच्या गोष्टी आहेत. गज तारेवर टेकतांना पहिला स्पर्श हलका असावा, ठोसा मारल्यासारखा नसावा. दाब मागाहून वाढवावा. बोटें न लावतां मोकळ्या तारेवर सूर अगदीं बारीक धरावा, तो हळूहळू मोठा करीत न्यावा आणि पुन्हां बारीक करीत आणावा. याकरितां रोज निदान एक तास द्यावा, थोडा सकाळीं, थोडा सायंकाळीं. मग जलद गजाचा सराव, त्यानंतर डावा हात मानेवर वर-खालीं नेण्याचा, आणि प्रथम सावकाश व मग जलद असा कंपाचा. इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी यास हा मजकूर इतका मोलाचा वाटला कीं १७७१ सालीं त्यानें त्याचें इंग्रजी भाषांतर छापिलें. मला ठाऊक असलेला व्हायोलिनचा हा सर्वांत जुना टपाली धडा. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. लोम्बार्दीनीला पुढें परवानगी मिळाली आणि ती प्रत्यक्ष तार्तीनीसमोर बसून शिकली. १७६८ सालीं पॅरिसमध्यें आणि १७७१ सालीं लंडनमध्यें श्रोत्यांनीं जिला ऐकलें, ती केवळ पत्रावर तयार झालेली नव्हती.

या जुन्या पत्राची आठवण होण्याचें कारण घरगुती आहे. माझी नऊ वर्षांची नात आठवड्यांतून दोन दिवस सायंकाळीं जेवणाच्या मेजावर संगणक उघडून बसते. पडद्यावर गोव्यांतील एक बाई येतात. पहिला अर्धा तास त्या तिला इंग्रजी बोलावयास लावतात, आणि दुसरा अर्धा तास व्हायोलिन शिकवितात. एकाच बाईंनीं हे दोन विषय एका बैठकींत शिकवावेत याचें मला प्रारंभीं नवल वाटलें. किंचित् संशयहि आला. मीं स्वतः हयातभर शाळेंत इंग्रजी शिकविलें तें खडू-फळ्यावर, आणि दोन मुलांत एक पुस्तक ठेवून. परंतु शेजारच्या खोलींत बसून दोन-तीन महिने ऐकल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं बाई दोन विषय शिकवीत नाहींत, एकच शिकवितात.

सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनच्या मानेवर खूण म्हणून कांहींहि नाहीं. बोट तांदळाच्या दाण्याइतकें सरकलें कीं सूर बिघडला, आणि तो बिघडला हें कानाखेरीज कोणी सांगावयाचें नाहीं. इंग्रजीचेंहि तसेंच आहे. आपल्या देवनागरींत अक्षर दिसलें कीं उच्चार बव्हंशीं ठरला; इंग्रजी लेखनांत उच्चाराला पडदे नाहींत. आपण मराठी माणसें एका ‘व’वर त्यांच्या दोन निरनिराळ्या वर्णांचें काम भागवितों, आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे गंजीफ्रॉक कीं ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम दिशा, याचा निकाल ऐकणारावर सोंपवितों. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर पोसलेल्या पिढ्यांनीं इंग्रजी डोळ्यांनीं मिळविलें. त्यांचें व्याकरण साहेबास लाजविणारें असे, आणि साहेबानें तोंड उघडलें कीं त्यांची त्रेधा उडे. मी त्यांच्यापैकींच एक.

तेव्हां दुरून शिकविण्याचा इतिहास पाहतांना मी एकच प्रश्न विचारीत गेलों: धडा शिष्याकडे गेला हें खरें, पण शिष्याचा आवाज गुरूकडे परत आला काय?

टपालानें हा प्रश्न अर्धा सोडविला. १० जानेवारी १८४० पासून इंग्लंडांत एका पेनींत देशभर कोठेंहि पत्र जाऊं लागलें. त्याच वर्षीं आयझॅक पिटमन यानें आपली लघुलिपि एका छापील पत्रकांत आणून टपालानें शिकवावयास आरंभ केला. विद्यार्थ्यानें बायबलांतील उतारा लघुलिपींत उतरवून पाठवावा, आणि तो दुरुस्त होऊन परत यावा, अशी त्याची रीत. लघुलिपीचें काम कागदावरच असल्यानें कागदावर भागलें. १८५६ सालीं बर्लिनमध्यें तूसँ व लांगेनशाइट या दोघांनीं साप्ताहिक पत्रांतून फ्रेंच शिकविण्याचा उद्योग काढला, मागाहून इंग्रजीहि. त्यांनीं प्रत्येक शब्दाखालीं उच्चाराच्या खुणा दिल्या. खुणा उत्तम होत्या. परंतु शिष्यानें त्या कशा वाचल्या हें बर्लिनला कळण्यास मार्ग नव्हता. अमेरिकेंत १८९८ पासून व्हायोलिनसुद्धां टपालानें शिकविणारी एक संस्था होती. तिची १९२६ च्या सुमाराची एक जाहिरात जाहिरातशास्त्राच्या पुस्तकांत अजून भेटते: पियानोपाशीं बसलेल्या मनुष्यास मित्र प्रथम हंसतात आणि मग थक्क होतात. त्या जाहिरातींत मित्र आहेत, टाळ्या आहेत. गुरु कोठेंच दिसत नाहीं.

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ काढला आणि पुढच्याच वर्षीं त्याच्या उपयोगांची एक यादी प्रसिद्ध केली. तींत वक्तृत्व शिकविणें आणि भाषांचे उच्चार जतन करणें हींहि होतीं. आज आपण विसरतों ती गोष्ट ही कीं एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर आवाज ऐकतां येई तसा भरतांहि येई. विसाव्या शतकाच्या आरंभीं पेन्सिल्व्हानियांतील स्क्रँटन येथील एका मोठ्या टपाली विद्यालयानें याचा चांगला फायदा घेतला. परभाषा शिकणारानें धड्याचें नळकांडें ऐकावें, कोऱ्या नळकांड्यावर स्वतः बोलावें आणि तें डब्यांत घालून स्क्रँटनला पाठवावें. गुरूनें ऐकून चुका दाखवाव्या. शिष्याचा आवाज प्रथमच गुरूकडे परत गेला तो असा, आगगाडीनें, मेणाच्या नळींत. पण एमिल बर्लिनरची सपाट तबकडी स्वस्त होती, ठेवावयास सोयीची होती, आणि तिनें बाजार जिंकला. तबकडी घरीं वाजवितां येई, भरतां येत नसे. लोकांना चांगला आवाज मिळाला; त्यांचा स्वतःचा आवाज मात्र घरांतच राहिला. यंत्रांच्या इतिहासांत सुधारणा म्हणून नोंदलेली ही गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीनें मला पीछेहाट वाटते.

तबकड्यांचें युग तरीहि रंजक होतें. लंडनच्या लिंग्वाफोन कंपनीसाठीं १९२७ सालीं बर्नार्ड शॉ यांनीं इंग्रजी बोलण्यावर व्याख्यान भरून दिलें. त्यांत त्यांनीं ऐकणारास प्रथम यंत्राची गति नीट लावून घेण्याविषयीं बजावलें आहे, कारण गति चुकली तर ऐकूं येणारा मनुष्य शॉ नसेल. परदेशीयानें लंडनमध्यें फार निर्दोष इंग्रजी बोलण्याच्या भानगडींत पडूं नये, मोडकें बोलल्यास लोक अधिक समजून घेतात, असाहि त्यांचा मिस्किल सल्ला आहे. १९३० च्या सुमारास त्याच कंपनीच्या एका धड्यांत तंबाखूच्या दुकानांतील संभाषण आहे, आणि त्यांतील एक आवाज ऑक्सफर्डच्या प्राध्यापक टोल्किन यांचा आहे. पुढें ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे तेच. इकडे व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांसाठीं १९५० पासून न्यूयॉर्कमध्यें अशा तबकड्या निघूं लागल्या कीं ज्यांत साथ सगळी आहे आणि मुख्य वाद्यच गाळलेलें आहे. तें आपण वाजवावयाचें. चुकलों तरी तबकडी थांबत नाहीं.

नभोवाणीनें तर एका वेळीं लाखों घरांत गुरु पोंचविला. आपल्याकडे मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, बी.बी.सी.चे ‘इंग्लिश बाय रेडिओ’ हे पाठ १९४३ चे. पण या क्षेत्रांत जपानचें उदाहरण अधिक विचार करण्याजोगें आहे. तेथें १९२५ सालीं ध्वनिक्षेपण सुरू होऊन कांहीं महिने होतात न होतात तोंच इंग्रजीचे पाठ सुरू झाले. शिकविणारे ओकाकुरा योशिसाबुरो. आपल्याकडे येऊन रवींद्रनाथांचे स्नेही झालेले कलापंडित ओकाकुरा काकुझो यांचे हे धाकटे बंधु. डिसेंबर १९४१ मध्यें युद्ध पेटलें आणि हे पाठ बंद पडले.

ऑगस्ट १९४५ मध्यें जपानच्या सम्राटानें शरणागतीची घोषणा केली, तेव्हां तिचें इंग्रजी भाषांतर नभोवाणीवरून जगाला वाचून दाखविणाऱ्या निवेदकाचें नांव हिराकावा तादाइची. पोरवयांत अमेरिकेस गेलेला, तेथें मोलमजुरी करीत शिकलेला हा गृहस्थ १ फेब्रुवारी १९४६ पासून रोज सायंकाळीं पंधरा मिनिटें इंग्रजी शिकवूं लागला. शहरें जळालेलीं होतीं, लोकांना पोटभर अन्न नव्हतें, आणि रस्त्यांतून जेत्यांचे शिपाई हिंडत होते. अशा वेळीं जेत्यांची भाषा शिकवावयाची! हिराकावानें व्याकरणाला हात लावला नाहीं. एका साध्या कुटुंबांतील बोलणें घेतलें, आणि आरंभींच्या गीताला चाल दिली ती जपानी मुलांच्या ओळखीच्या बालगीताची. घराघरांतून मुलें तें गाऊं लागलीं, गांवोगांव श्रोत्यांचीं मंडळें निघालीं. माझा असा तर्क आहे कीं मुलांनीं तें इंग्रजी परकें मानलें नाहीं याचें श्रेय त्या चालीकडे जातें. कान आधीं ओळखीच्या वाटेनें गेला, शब्द मागून गेले.

त्याच वर्षीं, त्याच जपानांत, मात्सुमोतो या डोंगराळ गांवीं सुझुकी शिनिची यांनीं मुलांना व्हायोलिन शिकवावयास आरंभ केला. येथें थोडें थांबलें पाहिजे. सुझुकींचा जन्म १८९८ चा, नागोयाचा. वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना. पण मुलाच्या लेखीं व्हायोलिन म्हणजे केवळ कारखान्यांतला माल. तरुणपणीं एके दिवशीं घरीं आणलेल्या ग्रामोफोनवर मिशा एलमनचें वादन ऐकलें, आणि या खोक्यांतून असा सूर निघूं शकतो हें त्यांना प्रथमच कळलें. कारखान्यांतून एक व्हायोलिन घरीं नेऊन तबकडी ऐकून ऐकून ते वाजवावयास शिकूं लागले. त्यांचा पहिला गुरु तबकडीच. पुढें १९२१ पासून सात-आठ वर्षें बर्लिनमध्यें काढल्यावर, स्वदेशीं कोणी चार वर्षांचा मुलगा शिकविण्यासाठीं आणला, तेव्हां विचार करतां करतां त्यांना एक गोष्ट सुचली. जपानी मुलें सगळीं जपानी बोलतात! ऐकावयास इतकी सोपी आणि विचार केला तर इतकी खोल गोष्ट. कोणतेंहि मूल मातृभाषेंत नापास होत नाहीं. कारण तें आधीं पुष्कळ ऐकतें, मग बोलतें, आणि वाचावयास सर्वांच्या शेवटीं शिकतें. मग व्हायोलिन तसेंच कां शिकवूं नये?

त्यांच्या पद्धतींत घरीं रोज ध्वनिमुद्रिका वाजत असते. आधीं आई थोडेंसें वाजवावयास शिकते. मूल पाहतें, आणि आपणहि मागतें. १९५५ मध्यें तोकियोस १२०० मुलांनीं एकत्र व्हायोलिन वाजविलें. त्या देखाव्याचा चित्रपट १९५८ सालीं अमेरिकेंत ओबर्लिन येथें दाखविला गेला, आणि तेथून ही पद्धति जगभर पसरली. परंतु माझ्या प्रश्नाचें उत्तर सुझुकींच्या एका कमी प्रसिद्ध उद्योगांत आहे. टेप-यंत्र आल्यावर त्यांनीं परीक्षेची अशी रीत घातली कीं मुलानें आपलें वादन फितीवर भरून मात्सुमोतोस पाठवावें. सुझुकी पहांटे उठून त्या फिती ऐकत, आणि प्रत्येक फितीच्या शेवटीं आपल्या आवाजांत त्या मुलाला दोन शब्द सांगून ती परत धाडीत. अशा फिती वर्षाला हजारों येत. स्क्रँटनची मेणाची नळी जेथें थांबली होती तेथूनच हें पुढें सुरू झालें. कोठल्याशा दूरच्या गांवांतील सहा वर्षांच्या मुलाला, आपण वाजविलेलें त्यांनीं खरोखर ऐकलें, हें त्या फितीनें कळत असेल.

आपल्या देशांत व्हायोलिन दोन वाटांनीं आलें. मद्रासेकडे बालुस्वामी दीक्षितरांनीं तें गोऱ्या वादकापासून उचललें आणि कर्नाटक संगीताच्या मांडीवर बसविलें. गोव्यांत चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत, आणि तेथून निघालेल्या वादकांनीं पुढें मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. आपल्या बाजूस गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग यांनीं त्याच्यावर ख्याल गाइला. या सर्व वाटांवर गुरु हाताच्या अंतरावर होता. मनगट वांकडें झालें कीं त्यानें धरून सरळ करावें. इंग्रजीचें तसें नव्हतें. तें आपल्याकडे पुष्कळदां गुरूवांचूनच शिकलें गेलें. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनें शाळांतील मुलांसाठीं आकाशवाणीवरून इंग्रजीचे पाठ दिले. या जातीच्या पाठांत आवाज प्रश्न विचारतो, आणि मग गप्प बसतो. त्या रिकाम्या जागेंत वर्गांतील मुलें मोठ्यानें उत्तर देतात. निकाराग्वांत गणितासाठीं आणि केनियांत इंग्रजीसाठीं ही युक्ति आधीं वापरली होती. ती गुरूच्या कानाची केवळ नक्कल आहे. पण जेथें वर्गावरच्या मास्तरालाच इंग्रजी धड येत नाहीं, तेथें ती नक्कलहि फार मोलाची. २००९ पासून इंग्लंडांतील स्वयंसेवक ‘स्काइप’वरून भारतांतील मुलांशीं इंग्रजींत गप्पा मारूं लागले, सुगत मित्रा यांच्या या उपक्रमास ‘ग्रॅनी क्लाउड’ असें नांव पडलें. २०१३ सालच्या टेड पारितोषिकांतून पुढें जीं केंद्रें निघालीं त्यांत आपलें फलटण होतें. या आज्या फारसें शिकवीत नसत. ऐकत, कौतुक करीत, पुढचें विचारीत.

आतां इंटरनेटनें धडा आणि आवाज दोन्ही दिशांनीं नेले, मग अडचण काय उरली? मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि सगळ्या शिकवण्या एका आठवड्यांत पडद्यावर गेल्या, तेव्हां ती संगीतशिक्षकांस कळली. सभा-संभाषणासाठीं केलेलीं हीं यंत्रें मनुष्याचें बोलणें राखतात आणि बाकीचा आवाज गोंगाट म्हणून काढून टाकतात. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असा त्यांचा समज. आतां मोकळ्या तारेवर लांब गज ओढणाऱ्या मुलाचा आवाज पंख्यासारखाच एकसारखा असतो! शिवाय बारीक आवाज मोठा करून आणि मोठा आवाज दाबून सर्व सारखें करण्याची त्यांना संवय. म्हणजे बारीक सूर मोठा करीत न्यावा आणि पुन्हां बारीक करावा हा जो तार्तीनीचा पहिला धडा, तो १७६० मध्यें कागदावरून व्हेनिसला पोंचला, आणि २०२० मध्यें पुण्याहून गोव्यास पोंचेना. यंत्रांत ‘मूळ आवाज’ राखण्याची एक कळ असते, ती शोधून दाबावी लागते. इंग्रजीलाहि हा त्रास निराळ्या रीतीनें जुनाच आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेंतून सेकंदाला ३०० ते ३४०० कंपनांच्या दरम्यानचाच आवाज जाई. त्यामुळें ‘स’ आणि ‘फ’ यांतला भेद हरवे, आणि व्हायोलिनची १९६ कंपनांची सर्वांत खालची तार आपल्या मूळ स्वरानें पलीकडे जातच नसे.

दुसरी अडचण वेळेची. दोघांनीं एकत्र वाजवावयाचें तर एकाचा सूर दुसऱ्यास सेकंदाच्या हजारांपैकीं सुमारें २५ भागांत पोंचावा लागतो. हवेंतून तेवढ्यांत आवाज साडेआठ मीटर जातो, म्हणजे मोठ्या दिवाणखान्याइतकें अंतर. प्रकाश कांचेच्या तारेंतून सेकंदास दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन या सुमारें ७२०० किलोमीटरांस एका दिशेस ३६ भाग लागतात, हें निसर्गाचेंच देणें. पुणें-गोवा अंतरास दोन-तीन भाग पुरावेत. पण यंत्रें आवाज आवळतात, तुकडे करतात, पुन्हां जोडतात, त्यांत शंभरांवर भाग सहज जातात. पिंकस झुकरमन यांच्या प्रेरणेनें १९९६ पासून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकनें दूरचित्रानें वादन शिकविलें, तें आळीपाळीनें. एकत्र वाजवितां यावें म्हणून आवाज न आवळतां पाठविणारी ‘लोला’ नांवाची योजना २००५ पासून इटलींत आकारास आली. ती विश्वविद्यालयांच्या वेगवान तारांवर चालते. ती जेथें तयार झाली तें संगीतविद्यालय त्रिएस्त शहरांत, आणि त्याला नांव आहे तार्तीनीचें.

आमच्या मेजावर ‘लोला’ नाहीं. म्हणून गोव्याच्या बाई नातीबरोबर कधीं वाजवीत नाहींत. साथीचा भाग आधीं भरून पाठवितात, आणि ती वाजवीत असतां गप्प राहून ऐकतात. इंग्रजीच्या अर्ध्या तासांतहि त्या मध्येंच टोंकीत नाहींत, कारण टोंकलेला शब्द उशिरा पोंचून भलत्याच शब्दावर पडतो. वाक्य पुरें होऊं देतात. मीं वर्गांत मुलांचें एकहि वाक्य पुरें होऊं दिलें असेल असें मला वाटत नाहीं.

गेल्या आठवड्यांत व्हायोलिनची खुंटी सुटली. नातीच्या हातांत तेवढें बळ नाहीं, म्हणून माझा मुलगा, ज्याला सूर म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, कणकेचा हात पुसून स्वयंपाकघरांतून आला. पडद्यावरून बाई ‘थोडी वर, आणखी थोडी, आतां खालीं’ असें सांगत होत्या, तो खुंटी पिळीत होता, आणि नात डोळे मिटून ऐकत होती. दोनदां तार उतरली. तिसऱ्या वेळीं बाई कांहीं बोलण्याच्या आधींच नातीनें बापाचा हात धरून थांबविला.